खालची वाडी जिंकू दे, पण सावकाश

आमच्या वाडीची क्रिकेट टीम सेमीफायनलला गेलेली मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेली नाही. पण ती कशी जाऊ शकते याचं गणित मात्र दरवर्षी शिमग्याच्या आधी आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडलं जातं. अमक्यानं तमक्याला हरवायचं, तमक्यानं फार धावा करायच्या नाहीत, तिसऱ्यानं घाई करायची नाही, की आपण आत. एवढं बोलून होतंय न होतंय तोच सेमीफायनलला पहिली ओव्हर कोणी टाकायची यावरून भांडणं सुरू. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते आमच्या वाडीकडे बघूनच कोणी म्हटलं असावं. मी रत्नागिरीत एका हायस्कुलात गणित शिकवते. हा कारभार बघून माझं डोकं उठतं. तरी कप गोळा करायला म्हणून बाहेर जाते आणि तिथंच उभी राहते.

त्या वर्षी मात्र हे गणित नुसतं हौसेचं राहिलं नव्हतं.

आमच्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. मधे एक पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. दोन्हीकडची बहुतेक पोरं मुंबईत. वरच्या वाडीचे अकरा गडी जमवताना माझ्या नवऱ्याच्या नाकी नऊ येतात. एकाला सुट्टी नाही, एकाची बायको बाळंत व्हायची असते, एकाला गाडीचं रिझर्वेशन मिळत नाही. मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसून हा माणूस महिनाभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजत मोजत फोनवर पोरांच्या विनवण्या करतो. शेवटी अकरा भरतात, पण त्यात दोन-तीन असे असतात की ज्यांना पळायला सांगणं पाप. म्हणून गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळानं सभा घेऊन ठरवून टाकलं: यंदाही वरची वाडी पहिल्या फेरीत बाहेर पडली, तर पुढल्या वर्षापासून तिची वेगळी टीम नाही. खालच्या वाडीत मिसळायचं. दोन वाड्यांची मिळून एकच टीम.

ही टीम माझ्या सासऱ्यांनी काढलेली. ते गेले, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅच होती. नवरा मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून खेळून आला आणि कोणी नावं ठेवली नाहीत. आता तो पंचेचाळिशीला टेकलाय, गुडघा कुरकुरतो, तरी कॅप्टन तोच. मंडळाचा निरोप आला त्या दिवशी तो जेवला नाही. "बाबांची टीम माझ्या हातून संपायची," एवढंच म्हणाला. मला त्याची कणव आली, आणि रागही आला. जेवायला काय झालं होतं?

आणि मिसळायचं कोणात, तर खालच्या वाडीत. चार वर्षांपूर्वी शिमग्यात देवाची पालखी आधी कोणाच्या वाडीत न्यायची यावरून दोन्हीकडचे पुरुष एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तेव्हापासून वरचे खालच्यांकडे पाणी पीत नाहीत, खालचे वरच्यांच्या लग्नाला येत नाहीत. यात माझी अवस्था अशी की माझं माहेर खालच्या वाडीत. पाखाडीच्या या टोकाला सासर, त्या टोकाला माहेर. दोन घरचा पाहुणा उपाशी, ती मी. माझा धाकटा भाऊ चिपळूणला नोकरीला असतो, शनिवारी घरी येतो. पूर्वी आला की आधी माझ्याकडे डोकवायचा, डब्यातले लाडू न विचारता घ्यायचा. भांडणानंतर त्यानं आमच्या खळ्यात पाऊल टाकलं नाही. भाऊबीजेला मी खाली जाते, ओवाळते, परत येते. नवऱ्याचं आणि त्याचं बोलणं बंद. तो खालच्या वाडीचा सगळ्यात चांगला बॅट्समन आहे, हेही इथंच सांगून ठेवते.

तर त्या रविवारची स्थिती अशी होती. आमच्या गटात चार टीम, दोन आमच्या गावच्या आणि दोन शेजारगावच्या; त्यातल्या दोन पुढे जाणार. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळावरची टीम तिन्ही मॅच जिंकून कधीच पुढे गेली होती. उरली एक जागा. आमच्या तिन्ही मॅच होऊन गेल्या होत्या. आम्ही खालच्या वाडीला हरवलं होतं, बाकी दोन्ही हरलो होतो. आता शेवटची मॅच खालची वाडी आणि बंदरवाडी यांची. बंदरवाडी जिंकली तर सरळ बंदरवाडी पुढे. खालची वाडी जिंकली तर तिघांचाही एकेक विजय, आणि मग धावगती बघायची. खालची वाडी झटपट जिंकली तर ती पुढे जाणार. रेंगाळत जिंकली तर आम्ही.

म्हणजे आमच्या वाडीला आयुष्यात पहिल्यांदा खालची वाडी जिंकायला हवी होती. फक्त सावकाश.

सकाळपासून माझा पाय घरात ठरेना. भाकऱ्या करताना एक करपली, आमटीत मीठ दोनदा पडलं. नवरा मोबाइल घेऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत होता. मुंबईहून फोनवर फोन. "काय होईल?" "अजून टॉस पन नाय झाला." "तरी काय वाटतंय?" एवढी मोठी माणसं, पण टॉस व्हायच्या आधी निकाल हवा. शेवटी मीच म्हटलं, चला, मैदानावर तरी जाऊन बसू, इथं बसून भिंतींना कंटाळा आणलाय आपण.

मैदान म्हणजे देवळाखालचा मळा. भात कापून झालं की ढेकळं फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून तिथं पिच करतात. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यापलीकडे हापूसची बाग. बागवाल्यानं मळा खेळायला दिला तो एका अटीवर: बॉल गडग्यावरून उडून बागेत गेला की सिक्स नाही, आउट. झाडांना तेव्हा मोहर आणि बोराएवढ्या कैऱ्या असतात. एका सिक्सनं किती कैऱ्या झडतील याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का. त्यामुळे आमच्या गावचा बॅट्समन दुसरीकडे खेळायला गेला, तरी त्या बाजूला उचलून मारत नाही. हाताला सवयच नाही.

बंदरवाडीनं आधी बॅटिंग केली. आठ ओव्हरमध्ये अठ्ठावन्न. खालच्या वाडीला जिंकायला एकोणसाठ हवे होते.

मधल्या वेळात नवऱ्यानं मोबाइलवर गणित केलं. भोवती आमची सगळी वाडी वाकून उभी. "पाच ओव्हर," तो म्हणाला. "पाच ओव्हरच्या आत केले तर ते. त्यानंतर केले तर आपण." खालच्या वाडीतही तसंच कोंडाळं होतं आणि त्यांचंही उत्तर पाचच आलं. कमिटीच्या टेबलावरच्या माणसानं मान डोलावली, आणि लाउडस्पीकरवाल्यानं ते जाहीर करून टाकलं.

मग आमच्या चुलत सासऱ्यांना पुढे करण्यात आलं. वाडीचं गाऱ्हाणं देवाला तेच घालतात. लग्न असो, घराचा पाया असो, की पोराची परीक्षा, शब्द त्यांचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. खालच्या वाडीच्या विजयासाठी गाऱ्हाणं घालायचं म्हटल्यावर म्हातारा आधी तयारच होईना. "माझ्या जिभेला वळन नाय त्या नावाचा," म्हणाला. शेवटी नवऱ्यानं हात जोडले तेव्हा देवळाच्या पायरीवर नारळ ठेवून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी ही लेकरा तुझ्या पायाशी हात जोडून उभी हायत."

"व्हय म्हाराजा."

"आज त्या खालच्या वाडीला यश दे रे म्हाराजा."

इथं "व्हय म्हाराजा" जरा बारीक आवाजात आलं.

"पन बेगिन नको. पाच ओव्हरी सरू देत, आनि मग काय तां दे."

"व्हय म्हाराजा!" हे मात्र खणखणीत.

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावून गडग्याकडे गेले आणि एका सपाट चिऱ्यावर बसले. एका जागी बसवत नव्हतं. उठले, दुसऱ्या चिऱ्यावर बसले. भाऊ ओपनिंगला आला होता. त्यानं पहिल्याच ओव्हरमध्ये दोन चौकार मारले, आणि माझे हात आपोआप टाळीसाठी वर गेले. ते मी तसेच खाली घेतले, कारण बाजूला आमच्या वाडीच्या बायका बसल्या होत्या. कोणी काही म्हटलं नाही, पण बघितलं सगळ्यांनी.

दुसऱ्या टोकानं त्यांचे गडी पटापट बाद होत होते आणि भाऊ एकटा किल्ला लढवत होता. तिसरी ओव्हर चालू होती. मला काम नसलं की मी आकडे चघळते, ही माझी जुनी खोड. मनातल्या मनात नवऱ्याचं गणित परत मांडायला घेतलं, आणि एका जागी अडखळले. सड्यावरच्या टीमविरुद्ध आमची टीम सहा ओव्हरमध्येच सगळी बाद झाली होती. नवऱ्यानं तिथं सहाच ओव्हर धरल्या होत्या. पण सगळे बाद झाले तर पुऱ्या आठ ओव्हर धरतात. नववीला सरासरी शिकवताना मी पोरांना नेमकं हेच उदाहरण देते. मोबाइल काढून पुन्हा केलं. आमची धावगती खाली आली. मर्यादा पाचची नव्हती, सातची होती. खालच्या वाडीला आणखी दोन ओव्हर होत्या आणि हे मैदानावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी धावतच नवऱ्याकडे गेले. त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यानं मोबाइल माझ्या हातून ओढून घेतला, एकदा बघितलं, दोनदा बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"कोनाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नको."

"अहो, पण..."

"गप रहा जरा. मला विचार करू दे." मग त्याला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "काकांना सांग. देवाला पाच सांगितलेत."

हसावं की रडावं? मला तेव्हा दोन्ही जमेना. मी देवळापाशी गेले. चुलत सासरे पायरीवर बिडी ओढत बसले होते. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी बिडी विझवली, माझ्याकडे असं बघितलं की जणू चूक मीच केली, आणि उठून उभे राहिले. "देवाला दिलेला आकडा असा फिरवतात काय?" पुटपुटले. मग हात जोडून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

"बा म्हाराजा, मगाशी लेकरांची चूक झाली. पाचच्या जागी सात कर. सात ओव्हरीपर्यंत त्यांना जिंकू देव नको."

आणि थांबले. "व्हय म्हाराजा" म्हणायला तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बायकांनी ते म्हणायची पद्धत नाही, पण त्यांनी डोळ्यांनी मला खुणावलं. समोर मैदानात माझा भाऊ हेल्मेटविना, कपाळाला रुमाल बांधून खेळत होता. लहानपणी तापात त्याच्या कपाळावर मी असाच रुमाल ठेवायची. आणि देवाला सांगायचं काय, तर त्याला अडव. माझ्या तोंडून शब्द फुटेना. काही वेळ वाट बघून म्हातारा स्वतःच "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि खाली बसला.

पाचवी ओव्हर संपली. खालची वाडी एकोणचाळीसवर, सात गडी बाद. लाउडस्पीकरवाला ओरडला, "पाच ओव्हर पूर्ण! खालची वाडी स्पर्धेतून बाहेर!" आमच्या वाडीनं एकच गिल्ला केला. ताशा आणलेलाच होता, तो वाजू लागला. एक बाई मला मिठी मारायला आली आणि माझं तोंड बघून तशीच थबकली. नवरा एकटा बसून होता. त्याला लोक हलवत होते, खांद्यावर थापा मारत होते, आणि तो नुसतं मैदानाकडे बघत होता.

आता खरी गंमत अशी झाली की खालच्या वाडीला जिंकून काही मिळायचं नव्हतं. असं त्यांना वाटत होतं. जिंकले तर फायदा आमचा, त्यांच्या वैऱ्यांचा. त्यांच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला. "सोड रे! आउट हो! वरच्यांसाठी काय खेळतोस?" कोणी तरी चप्पल भिरकावली. सहाव्या ओव्हरमध्ये भावानं एक धाव घेतली आणि समोरच्या गड्यानं बॅट न उचलताच त्रिफळा उडवून घेतला. हसत बाहेर आला. पुढचा आला, त्यानं पहिलाच बॉल फिल्डरच्या हातात दिला. तोही हसत गेला. उरली शेवटची जोडी, माझा भाऊ आणि त्यांचा एक बोलर.

भाऊ त्या बोलरपाशी गेला. त्याच्या दंडाला धरून काहीतरी बोलला. त्या पोरानं मान खाली घातली, पुढचा बॉल नीट अडवून एक धाव काढली. मग भावानं दोन काढल्या. मग शेवटच्या बॉलवर एक. त्याच्याच वाडीचे लोक त्याला शिव्या घालत होते आणि तो मान वर न करता, आईनं शिकवल्यासारखा, एकेक धाव गोळा करत होता. चव्वेचाळीस झाले. बारा बॉलमध्ये पंधरा हवे होते. असाच सावकाश खेळत राहिला असता तर आठव्या ओव्हरमध्ये जिंकला असता, आणि आम्ही पुढे.

मला आधी कळलंच नाही की तो असं का करतोय. मग कळलं. मंडळाचा ठराव त्यालाही ठाऊक होता. वरच्या वाडीची टीम राहणार की जाणार हे आता त्याच्या बॅटवर होतं. चार वर्षं माझ्या घरी न आलेला माझा भाऊ माझ्या नवऱ्याची टीम वाचवत होता. मला गलबलून आलं. पण त्याची स्वतःची वाडी अजून बाहेर पडलेली नव्हती, आणि हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो उठला होता.

"कुठं चाललात?"

तो दुखऱ्या गुडघ्यानं, दोन ओव्हरींच्या मधल्या वेळात, मळा आडवा कापत कमिटीच्या टेबलाकडे गेला. आमच्यातले दोघे-तिघे त्याच्यामागे धावले. तिथं हातवारे झाले, कोणी तरी त्याची कॉलर धरली. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण गरजही नव्हती. ताशा थांबला. लाउडस्पीकर खरखरला.

"वरच्या वाडीच्या कॅप्टननी लक्षात आणून दिलंय की हिशेबात चूक होती. मर्यादा पाच नाही, सात ओव्हरची आहे. खालच्या वाडीनं ही ओव्हर संपेपर्यंत धावा केल्या तर ती पुढे जाईल."

भाऊ बॅटवर रेलून टेबलाकडे बघत राहिला. मग आमच्या बाजूला बघितलं. मग परत टेबलाकडे. मग रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला.

सहा बॉल, पंधरा धावा. मी उभी होते ती दोन्ही हातांनी गडग्याचा चिरा धरून. खोटं कशाला बोलू, त्या ओव्हरला मला कोण जिंकायला हवं होतं हे मला आजही सांगता येत नाही. त्यानं मारावं असंही वाटत होतं आणि मारू नये असंही. पहिला बॉल चौकार. खालच्या वाडीचे, आताच शिव्या देणारे, देवाचं नाव घेऊन ओरडू लागले. दुसऱ्यावर दोन. तिसरा हुकला. चौथा पुन्हा चौकार, देवळाच्या अंगाला. पाच हवे होते, दोन बॉल होते.

पाचवा त्यानं उचलला.

बॅटचा आवाज इतका गोड आला की मी मान वर केली. बॉल उंच, माझ्या डोक्यावरून, गडग्यावरून, हापूसच्या मोहरात. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर तो सिक्स असता. एकोणसाठच्याही वर एक धाव झाली असती, एक बॉलही शिल्लक राहिला असता. इथं पंचानं बोट वर केलं. बंदरवाडी नाचत मैदानात शिरली. आम्ही बाहेर, खालची वाडीही बाहेर.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यात मजा नाही. आमच्या लोकांनी नवऱ्याला तोंडावर विचारलं, "तुला कोनी सांगितला होता शानपना करायला? गप बसला असतास तर आत होतो." मुंबईची माणसं मोबाइलवर बघत होती, त्यांनी फोनवरून उद्धार केला. मंडळाच्या अध्यक्षांनी संध्याकाळ व्हायच्या आतच ग्रुपवर टाकलं की ठरल्याप्रमाणे पुढल्या वर्षी एकच टीम. चुलत सासरे तेवढे त्याच्या बाजूनं बोलले, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. "येका दिवसात दोन दोन आकडे सांगितल्यावर देवानं तरी काय करायचा?"

घरी आलो. नवऱ्यानं वाडीचं नाव छापलेला शर्ट काढून धुतला, पिळून दोरीवर टाकला आणि खळ्यात पायरीवर बसला. मी त्याच्याजवळ बसले, उठले, कपडे गोळा केले, पुन्हा बसले. मला त्याला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, पण माझ्या जिभेला टोमण्यांची सवय. म्हटलं, "पुढच्या वेळी गणित आधी मला दाखवा." तो म्हणाला, "पुढची वेळ कुठली आता?"

दिवे लागायची वेळ झाली होती. पाखाडीवर कोणीतरी चढत येताना दिसलं. मी आधी ओळखलं नाही, कारण त्या वाटेनं त्या माणसाची सवय डोळ्यांना राहिली नव्हती. भाऊ होता. कपाळाला तोच रुमाल, पँटला गवताची कुसळं, हातात बॉल. मॅच संपल्यावर सगळे गेले तरी तो बागेत शिरून बॉल शोधत बसला होता म्हणे. आमच्या खळ्याच्या कडेला येऊन थांबला. आत पाऊल टाकलं नाही.

"भावजी," तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा. आवाजात राग होता. "कशाला सांगितलंत? मी तुमच्यासाठीच खेळत होतो."

नवऱ्यानं वर बघितलं. दोरीवरच्या शर्टाचं पाणी मधे टपकत होतं.

"दिसत होतं मला," तो म्हणाला. "म्हणूनच सांगितलं."

भाऊ तसाच उभा राहिला. मग चपला काढल्या, आत आला आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसला. मी चहा ठेवायला म्हणून घाईनं स्वयंपाकघरात गेले आणि गॅस न पेटवताच ओट्यापाशी रडत उभी राहिले. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला.

"तुमचे किती उरतील पुढल्या वर्षी?"

"ओढूनताणून सात."

"आमचे पाच. म्हणजे एक जास्तीचा होतोय."

"तुमचा गुडघा धरून?"

"धरून."

"मग गुडघा वजा करून अकराच," भाऊ म्हणाला. मी डोळे पुसले आणि लाडवांचा डबा खाली काढला.